शेगडी ओट्यावर, मूल ओट्याखाली

दोन वर्षांचं मूल साधारण पावणेतीन फूट उंच असतं. आपल्याकडचा कडप्प्याचा ओटाही बहुतेक घरांत अडीच ते पावणेतीन फुटांचाच असतो. मुलाने हात वर केला की त्याची बोटं ओट्याच्या काठावरून आत पोहोचतात. काठाला असतात शेगडीची बटणं, कढईचा दांडा, तव्याची मूठ, पातेल्यावर ठेवलेली सांडशी. ओट्यावर काय आहे ते मुलाला खालून दिसत नाही, त्याला फक्त चाचपता येतं. आणि हाताला लागेल ते ओढून पाहायचं, हे त्याचं वयच आहे.

लहान मुलांच्या घरात गॅसची काळजी कशी घ्यायची असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'लक्ष ठेवायचं.' हे उत्तर पुरेसं नाही असं मला ठामपणे वाटतं. सकाळी सात ते नऊ या वेळात तव्यावर पोळी, दुसऱ्या बर्नरवर कुकर, मोठ्या पोराचा डबा, सासऱ्यांचा चहा, दारात दूधवाला, आणि सोयाबीन सोंगणीचे दिवस असले तर वावरात जायची घाई, एवढं सगळं एकाच बाईच्या अंगावर असतं. तिची नजर दहा सेकंद तरी हलणारच. भाजायला तेवढेही लागत नाहीत. तेव्हा भरवसा नजरेवर न ठेवता मांडणीवर ठेवावा. स्वयंपाकघर असं लावावं की नजर हटली तरी मुलाच्या हाताला काही लागू नये. मेहकर शहरात असो, डोणगाव-जानेफळला असो, की तालुक्यातल्या एखाद्या लहान खेड्यात, हे काम फारशा पैशाशिवाय होतं.

गॅस म्हटलं की डोळ्यांपुढे स्फोट येतो. ती भीती खोटी नाही, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण लहान मुलं सर्वांत जास्त भाजतात ती शेगडीवरून उतरलेल्या गरम पातळ पदार्थाने: चहा, दूध, वरण, अंघोळीचं पाणी. मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. साठ अंशांवरचं पाणी मोठ्या माणसाला काही सेकंदांत भाजतं, मुलाला त्याहून कमी वेळ पुरतो. ताजा चहा तर याहून बराच गरम असतो, आणि कपात ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीही लेकराला भाजण्याइतका गरम राहतो. शिवाय मोठ्या माणसाच्या हातावर सांडलेला एक कप चहा त्याच्या हातापुरता राहतो. तोच कप वर्षाच्या मुलावर सांडला तर हनुवटीपासून पोटापर्यंत सगळं भाजून निघतं. म्हणून पहिला नियम शेगडीचा नसून चहाचा आहे: मांडीवर किंवा कडेवर मूल असताना हातात गरम कप घ्यायचा नाही. पाहुण्यांसमोर, आजोबांसमोरही नाही. नातू मांडीवर घेऊन चहा पिणाऱ्या आजोबांना हे सांगायला सुनेला जड जातं, तर ते तिच्या नवऱ्याने आपल्या वडिलांना सांगावं.

ओट्यावरची मांडणी

आज एकदा हे करून पाहा. गॅस बंद असताना, ओटा थंड असताना, मुलाला ओट्याशी उभं करा आणि त्याचा हात वर धरा. बोटं जिथवर पोहोचतात त्याच्या आत एक वीत आणखी धरा, कारण मूल टाचा उचलतं आणि महिन्याभरात वाढतंही. तेवढी पट्टी ओट्यावर कायम रिकामी ठेवायची. शेगडी मागे सरकवा, पण भिंतीला चिकटवू नका आणि खिडकीखालीही नको. वाऱ्याच्या झोताने आच विझते आणि गॅस येत राहतो.

दांड्याच्या भांड्याचा दांडा भिंतीकडे वळवायचा. उकळतं पातेलं, कुकर, तेलाची कढई मागच्या बर्नरवर, आणि पुढे पोळीचा तवा. दोनच बर्नर असतील तर दारापासून लांबच्या बर्नरवर जड आणि पातळ पदार्थ. ओट्यावर लोंबणारं फडकं, प्लॅस्टिकची झालर, मिक्सरची वायर मुलाच्या हातात आली की वरचं सगळं खाली येतं. ते काढून टाका. शेगडीच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा किंवा खाऊचा डबा ठेवू नका, हे मी मुद्दाम सांगतो. तीन-चार वर्षांचं पोर डबा दिसला की स्टूल ओढतं आणि पेटत्या शेगडीवरून हात घालतं. खाऊ खाली, दुसऱ्या खोलीत. आणि स्टूल स्वयंपाकघरात ठेवूच नका.

शेगडीची बटणं हा वेगळा विषय. नव्या शेगड्यांची बहुतेक बटणं दाबून फिरवावी लागतात, पण तीन वर्षांच्या मुलाला ते जमतं, आणि आईला पाहून ते शिकतंही. बटणांवर बसवायची प्लॅस्टिकची झाकणं मिळतात, मिळाली तर बसवा. पण खरा बंदोबस्त रेग्युलेटरवर आहे. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण बंद, आणि लगेच सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. रात्री झोपताना बंद करायची सवय अनेक घरांत आहे, चांगली आहे. पण मूल घरात असेल तर दिवसातून जितक्या वेळा शेगडी विझेल तितक्या वेळा रेग्युलेटर बंद व्हायला हवा. रेग्युलेटर बंद असला तर मुलाने वरचं बटण कितीही फिरवलं तरी नळीत उरलेल्या थोड्या गॅसशिवाय काही येत नाही.

एक अडचण मात्र आहे. सिलिंडर जमिनीवर उभा असतो आणि त्याचा रेग्युलेटर जमिनीपासून दोन फुटांवर येतो, म्हणजे नेमका रांगत्या-चालत्या मुलाच्या हाताशी. ओट्याखालच्या सिलिंडरपुढे एखादी जाळीची दारं असलेली चौकट किंवा आडवी फळी बसवा. पण तो कप्पा पूर्ण बंद करू नका. तळाशी आणि वर हवा खेळायला जागा हवीच, नाहीतर गळालेला गॅस आत साठतो. पडदा लावून सिलिंडर झाकण्याची पद्धत तर मुळीच नको. पडद्याआड मूल लपतं आणि काय करतंय ते दिसत नाही.

चुलीच्या सवयीतून आलेली एक गोष्ट आपल्या खेड्यांत अजून दिसते. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत पहिल्यांदा गॅस आला. शेगडी आली, पण ओटा नव्हता, म्हणून ती चुलीच्या जागी जमिनीवरच मांडली गेली. हे दोन कारणांनी धोक्याचं आहे. रांगणारं मूल थेट आचेवर जातं, आणि शेगडी सिलिंडरच्या खाली येते. शेगडी नेहमी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वर असावी. त्यासाठी कडप्प्याचा ओटा बांधायलाच हवा असं नाही. दोन बाजूंना विटांचे पक्के खांब आणि वर शहाबादी फरशी एवढ्यावर काम होतं. लाकडी टेबलावर ठेवायची तर वर फरशी किंवा पत्रा हवा, आणि टेबल हलणारं नको.

एकाच खोलीचं घर असेल, जुन्या मेहकरातल्या अरुंद माळवदी घरांसारखं, तर दार लावून मूल बाहेर ठेवणं शक्य नसतं. तिथे बाज आडवी टाकून, किंवा लाकडी फळी दोन खिळ्यांत अडकवून, शेगडीपासून तीन फुटांवर आडोसा करा. रांगणाऱ्या मुलाला तेवढं पुरतं. मोठी भावंडं असतील तर तो आडोसा ओलांडायचा नाही हा नियम त्यांनाही लावा, कारण धाकटा थोरल्याच्या मागेच जातो.

सिलिंडर आणि नळी

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तोही दाबाने द्रव केलेला. एक लिटर द्रव बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळाला की वर न जाता फरशीवर पसरतो, उंबऱ्यापाशी साठतो, सखल कोपऱ्यात बसतो. याचा मुलांशी थेट संबंध आहे. जमिनीवर झोपलेलं, जमिनीवर खेळणारं मूल मोठ्या माणसाच्या आधी त्या वायूत असतं. हवेत याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते.

मूळ गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. म्हणून वास हीच तुमची पहिली घंटा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, किंवा सर्दी झालेल्याला, तो वास बऱ्याचदा येत नाही. दुपारी नातवंडांना सांभाळायला फक्त आजी घरी असेल तर तिला वास येतो का हे एकदा पाहून घ्या. येत नसेल तर ती एकटी असताना रेग्युलेटर बंदच ठेवा आणि दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून द्या.

केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी वापरा. तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि तिचं आयुष्य पाच वर्षांचं. आपल्याकडे घरात धान्याची पोती असतात, पोत्यांमागे उंदीर असतात, आणि उंदीर रबर कुरतडतात. म्हणून महिन्यातून एकदा नळीवरून, विशेषतः खालच्या बाजूने, बोट फिरवून पाहा. नळीला कापड गुंडाळू नका, तडा दिसत नाही. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. लांब नळी लोंबते आणि मूल तिला लटकतं.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी पाहायच्या. सील साबूत आहे का. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, ती चाचणीची मुदत. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा, तो तुमचा हक्क आहे. तिसरी गोष्ट झाकण काढल्यावर. व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी गोल चकती असते. ती नसेल किंवा चिरलेली असेल तर रेग्युलेटर बसवला तरी गॅस झिरपतो. गाडीवरच्या माणसाला तिथेच तपासून द्यायला सांगा. तो घाईत असतो, पण हे त्याच्या कामातच येतं. जोडल्यावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून गळती पाहणारी माणसं अजून आहेत. ते कधीही करू नका, आणि मुलांसमोर तर नाहीच, ती पाहूनच शिकतात. व्हॉल्व्हची पांढरी टोपी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली ठेवा, गळती झाली की ती लगेच हाताशी लागते.

गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करणं, हलवणं, थंडीत गरम पाण्यात ठेवणं, हे सगळं बंद करा. आडव्या सिलिंडरमधून द्रव थेट नळीत येतो आणि आच अचानक फुटभर उसळते. उन्हातही सिलिंडर ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये अंगणातल्या पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडर घरी भरून घेणं हे तर बेकायदा आहेच, आणि जीवघेणंही.

दूध उतू जाणं ही रोजची गोष्ट, पण गॅसच्या दृष्टीने तीच सर्वांत फसवी. दूध वर येतं, बर्नरवर सांडतं, आच विझते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही कारण शेगडीवरून सूं असा आवाज येतच असतो. घरातल्या साध्या शेगड्यांमध्ये आच विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक वेळा नसते. म्हणून दूध, चहा आणि खीर ठेवून खोलीबाहेर जायचं नाही. जावंच लागलं तर गॅस बंद करून जा, परत पेटवायला एक क्षण लागतो. आणि बर्नरची छिद्रं आठवड्यातून एकदा साफ करा. आच निळी असावी. पिवळी, भांडं काळं करणारी आच म्हणजे गॅस नीट जळत नाही.

ओट्यावरून खाली उतरणारे धोके

आपली बरीच घरं जमिनीवर बसून जेवतात. वरणाचा गंज, भाताचं पातेलं, भाजीची कढई थेट शेगडीवरून उतरून पंगतीत येते, आणि रांगणारं मूल त्याच उंचीवर असतं. आधी मुलाला कुणाच्या तरी मांडीवर घ्या, मग गरम भांडं आणा. शक्य असेल तर भांडी पाटावर, भिंतीच्या बाजूला ठेवा आणि वाढणारा माणूस मुलाकडे पाठ करून बसू नये.

हिवाळ्यात अंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं जातं. उकळत्या पाण्याची बादली घेऊन स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत चालताना मूल पायात येतं. त्या वाटेवर मूल नको, हे पक्कं ठरवा. बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्या, मग गरम ओता. उलट केलं तर मधल्या मिनिटात मूल हात किंवा पाय आत घालतं. आणि पाणी मुलाच्या अंगावर ओतण्याआधी कोपराने पाहा. तळहात निबर झालेला असतो, त्याला नीट कळत नाही. गॅस गिझर असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, हवेशीर जागी लावा. बंद न्हाणीत तो जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळ करणारं मूल तिथेच बेशुद्ध पडू शकतं.

उन्हाळी कामांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वऱ्हाडात मार्च ते मे हा कुरडया-पापड्यांचा हंगाम आणि त्यातच मुलांची सुट्टीही येते. गव्हाचा चीक शिजवायला मोठं पातेलं लागतं, ते ओट्यावर बसत नाही, म्हणून शेगडी अंगणात किंवा पडवीत जमिनीवर उतरवतात. सिलिंडर शेजारी, नळी मोकळी पसरलेली. दोन-तीन बायका, मामाकडे आलेली भाचरं, आणि सगळ्यांना चीक खायचा असतो. शिजलेला चीक पाण्यासारखा अंगावरून ओघळून जात नाही. तो चिकटतो, उष्णता धरून ठेवतो आणि खोल भाजतो. म्हणून त्या दिवशी एक माणूस फक्त मुलांसाठी ठेवावा. तो चीक ढवळणार नाही, कुरडया घालणार नाही, फक्त पोरं सांभाळेल. शेगडी विटांवर उंच करा, नळी मुलांच्या धावण्याच्या वाटेवर येणार नाही अशी ठेवा, आणि मुलांना चीक ताटलीत काढून, गार करून, घरात नेऊन द्या. पातेल्यापाशी नाही.

लग्नघरालाही हेच लागू. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावात ८ डिसेंबर २०२२ रोजी लग्नघरात सिलिंडर गळून आग लागली. तीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. आपल्याकडे लग्नात आचाऱ्याचे सिलिंडर पाहुण्यांच्या खोलीत, कोठीत, जिन्याखाली रचून ठेवतात. ते उघड्यावर, सावलीत, मांडवापासून आणि मुलांपासून लांब ठेवायला सांगणं हे यजमानाचं काम आहे. आचारी आपण होऊन ते करत नाही.

जाता जाता कपड्यांबद्दलही. स्वयंपाक करताना नायलॉनचा गाऊन, मोकळा पदर, खांद्यावरची ओढणी नको. सुती कपडा, पदर खोचलेला. मुलांचे फ्रिलचे नायलॉनचे फ्रॉक सणावारी घालतो, आणि सणालाच घरात सगळ्यात जास्त तळण असतं, हे ध्यानात ठेवा.

वास आला तर

विजेचं कुठलंही बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दिवा, पंखा, मिक्सर, बेल, जे ज्या स्थितीत आहे तसं. बटण वर-खाली करताना दोन्ही वेळा ठिणगी पडते. आपल्याकडे देव्हारा पुष्कळदा स्वयंपाकघरातच असतो. समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, जे काही पेटलेलं असेल ते विझवा. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा, मुलाला उचला, दार सताड उघडा आणि बाहेर या. गॅस खाली बसलेला असतो म्हणून वरच्या खिडकीपेक्षा दार उघडण्याने तो जास्त लवकर बाहेर जातो. फोन घराबाहेर येऊन करा. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. अग्निशमनाला १०१, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. बाहेरगावाहून आल्यावर कुलूप काढताच भपकारा आला तर आत पाऊल न टाकता दार उघडं सोडून लांब जा आणि तिथून फोन करा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. तेल उसळतं आणि आग अंगावर येते. गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. कपडे पेटले तर पळायचं नाही. जागेवर आडवं पडून लोळायचं, किंवा दुसऱ्याने जाड सुती चादर, सतरंजी गुंडाळून विझवायचं.

भाजलंच तर

मेहकरच्या सरकारी रुग्णालयात पहिला उपचार होतो, पण मूल जास्त भाजलं असेल तर पुढे बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. तो रस्ता तासा-दोन तासांचा किंवा त्याहून लांबचा आहे. म्हणून घरातली पहिली वीस मिनिटं फार मोलाची.

मुलाला गरम वस्तूपासून दूर करा. भिजलेले कपडे लगेच काढा, कारण कपड्यात मुरलेलं गरम पाणी भाजतच राहतं. डायपर असेल तर तोही. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका, भोवतीने कापा. मनगट्या, वाळे, करदोटा, काळा दोरा, सगळं उतरवा. थोड्याच वेळात सूज येते आणि मग ते रुततं. मग भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ लावून. मूल रडेल, आजूबाजूचे लोक 'चला, गाडी आली' म्हणतील, तरी पाणी थांबवू नका. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, अशा घरांत स्वच्छ पाण्याची एक भरलेली बादली यासाठी राखून ठेवा आणि मगाने हळूहळू ओतत राहा. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळा, लहान मूल पाण्याने लवकर गारठतं. बर्फ लावू नका, त्याने कातडी आणखी बिघडते.

आणि टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, चुना, बटाट्याचा कीस, मध यांपैकी काहीही लावू नका. हे प्रेमाने सुचवलं जातं, सुचवणारी बहुतेक वेळा घरातली मोठी माणसं असतात, पण त्याने उष्णता आत कोंडते, जंतू शिरतात, आणि डॉक्टरला तो लेप खरवडून काढावा लागतो. ती वेदना मुलाला दुसऱ्यांदा भाजल्यासारखीच असते. फोड फोडू नका. पाणी घालून झालं की स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्याने सैल झाका.

मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, जांघ यांपैकी कुठेही भाजलं असेल, किंवा मूल वर्षाच्या आतलं असेल, तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. वीस मिनिटं पाणी घालता घालताच तो फोन होऊ शकतो.

गॅसमुळे अपघात झाला तर एजन्सीला लेखी कळवा आणि त्या अर्जाची पोच घ्या. तेल कंपन्या ग्राहकांसाठी विमा काढतात, त्यासाठी वेगळा हप्ता लागत नाही. पण शेगडी, नळी, रेग्युलेटर आयएसआय चिन्हाचे आणि नळी मुदतीतली असावी लागते. स्वस्तातली, चिन्ह नसलेली नळी घेणारा माणूस घराची सुरक्षाही घालवतो आणि दावाही.

मुलांना काय सांगायचं

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला काही शिकवून फारसा उपयोग नाही, तिथे सगळा भार मांडणीवर. तिसऱ्या वर्षापासून 'गरम' म्हणजे काय ते कोमट पातेल्याला हात लावून दाखवता येतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला गॅसचा वास ओळखायला शिकवा: असा वास आला की काहीही न शिवता बाहेर पळायचं आणि मोठ्याने हाक मारायची. हे दोन-तीनदा खेळ म्हणून करून घ्या, पाठ होतं. लायटर आणि काडेपेटी वर, कपाटात ठेवा. लायटरचा टकटक आवाज मुलांना फार आवडतो, म्हणून तो त्यांच्या हातात खेळणं म्हणून कधीही देऊ नका.

आणि मोठ्या मुलींबद्दल एक कळकळीचं सांगणं. निंदणी-सोंगणीच्या दिवसांत आई-बाप वावरात, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावाला सांभाळून चहा-भात करण्याची जबाबदारी येते. त्या वयाच्या हातात जड पातेलं उतरवण्याची ताकद नसते, आणि कडेवर बाळ असेल तर तोलही राहत नाही. ती मुलगी घरची म्हणून तिने ते करावं असं नाही. तिला किमान बारा वर्षांची होऊ द्या, तोवर शिजवलेलं झाकून ठेवून जा, आणि रेग्युलेटर बंद करून जा. अंगणवाडीत किंवा शाळेत जाता येईल अशा वयाची मुलं तिथे पाठवा. आणि तिथला सिलिंडर मुलांच्या बसण्याच्या खोलीत नाही ना, हे एकदा डोकावून पाहा, असेल तर ताईंना आणि सरपंचांना सांगा.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. पण आज संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर दोन गोष्टी नक्की करा. रेग्युलेटर बंद करा, आणि नळीवरची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर उद्या सकाळी एजन्सीला फोन करा आणि नवी नळी बसेपर्यंत मुलाला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.